कोरडी फणी

हे लिहायला मी कोण, हा प्रश्न मला पहिल्या ओळीपासूनच अडवतो आहे, आणि वाचकांनी तो विचारला तर माझ्यापाशी धड उत्तर नाही. आयुष्यभर मी मुलींना रसायनशास्त्र शिकवले. जे काही लिहिले ते फळ्यावर, आणि तास संपताच स्वतःच्या हाताने पुसून टाकले. न पुसले जाणारे काही आपल्या हातून लिहिले जावे, ही इच्छा उतारवयात झाली, ती बोलून दाखवण्याचाही संकोच वाटतो. शिवाय विषय लहान आहे. एक कुत्रा, त्याचे लांब केस, आणि ते विंचरणारी माझ्या घरातली दोन माणसे. एवढ्यासाठी कोणाचा वेळ घ्यावा का, हे ठरवणे मी वाचकांवर सोपवते आणि क्षमा आधीच मागून ठेवते.

आमचे घर राजिवड्याच्या उतारावर होते. जांभ्याच्या भिंती, कौलांचे छप्पर, पुढे पाहुण्यांसाठी ओटा आणि मागे खाडीकडे उघडणारी पडवी. घराचे खरे जगणे त्या पडवीवर चाले. तिथेच अम्मा नारळ खवायची, बांगडे साफ करायची, भाकरीसाठी तांदळाचे पीठ चाळायची आणि सायंकाळी मला पुढ्यात घेऊन माझे केस विंचरायची. खाली खाडीत होड्यांची इंजिने टकटकत जात, आणि भरतीचे पाणी चढू लागले की मडक्यात पाणी ओतल्यासारखा आवाज बांधापाशी येई. आजही डोळे मिटले की मला ते घर दिसत नाही, ऐकू येते.

अब्बा बोटीवर इंजिनखात्यात होते. त्या उष्णतेने आणि धुराने त्यांची छाती खराब झाली, आणि इतरांचे वडील आखातात जाऊ लागले त्याच सुमारास ते कायमचे घरी परतले. येताना त्यांच्या एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात वेताची करंडी. करंडीतून जे बाहेर आले त्याला आमच्या आळीत कोणी कुत्रा म्हणायला तयार होईना. तांबूस तपकिरी, लांबच्या लांब, जमिनीला पोट टेकेल इतका बुटका, आणि कानांवर, छातीवर, शेपटीवर रेशमासारखे लोंबणारे केस. शेजारच्या हलिमा खालाने ओढणी तोंडावर धरून त्याला दोन्ही बाजूंनी पाहिले.

“अगो बाय, ह्याचे पाय कुठं ऱ्हायले? बोटीवर विसरला काय?”

“पाय हायत,” अब्बा म्हणाले. “झिजू नयेत म्हणून पोटाखाली ठेवलेत.”

त्याचे नाव पेस्तन. ज्या पारशी चीफ इंजिनिअरच्या हाताखाली अब्बांनी अर्धे आयुष्य काढले, त्याच्या विधवेचा हा कुत्रा. तिने आपल्या सासऱ्याचे नाव कुत्र्याला का दिले असावे, हे अब्बांनी अदबीपोटी कधी विचारले नाही. अम्मा हसली नाही. ती दारात उभी राहून म्हणाली, “आत नाय यायचा हा. सांगून ठेवते.”

“नाय येणार.”

“ह्याला हात लावून तुम्ही माझ्या चुलीपाशी यायचं नाय.”

“नाय येणार.”

“मग आणलात कशाला?”

अब्बांनी खाली बसून करंडीचे झाकण नीट लावले. मग म्हणाले, “बाई लेकाकडं विलायतेला चालली. ह्याला सुई देऊन मारणार होते.” अम्मा आत गेली आणि सकाळच्या पेजेत बांगड्याचे डोके कुस्करून ते फुटक्या ताटलीत पडवीच्या कडेला ठेवून आली. तेव्हापासून ती ताटली त्याची झाली.

अम्माचा विरोध दुष्टपणाचा नव्हता, हे इथे सांगायला हवे. आमच्या रिवाजाप्रमाणे कुत्र्याचा ओला स्पर्श झाला, किंवा आपल्या ओल्या हाताचा कुत्र्याला, तर ती जागा सात वेळा धुवावी लागते, आणि त्यांतून एकदा मातीने. त्याशिवाय नमाज होत नाही. कोरड्याला कोरडे लागले तर मात्र काही बाधत नाही. अम्मा पाचही वेळची नमाजी. तिच्या दृष्टीने तो प्राणी म्हणजे घरभर चालतीफिरती शंका होती. आणि कोकणात वर्षाचा किती काळ काहीही कोरडे राहते, ते इथे राहणाऱ्यांना ठाऊकच आहे.

यावर अब्बांनी वाद घातला नाही. एक पद्धत बसवली. दुपारची नमाज झाली की ते घरातले कपडे उतरवून खुंटीवरची जुनी लुंगी नेसत. पडवीच्या उन्हात मासळीचा एक रिकामा खोका उपडा ठेवलेला असे, त्यावर पाय घसरू नयेत म्हणून गोणपाट. पेस्तनला ते दोन्ही हातांनी उचलत, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांपाशी. “ह्याची पाठ म्हणजे बोटीचा कणा,” ते मला सांगत. “एका बाजूनं उचलली तर मोडते.” मग त्याच्या केसांत चिमटीचिमटीने बारीक चाळलेले तांदळाचे कोरडे पीठ भुरभुरत. पिठाने ओल टिपली जाई आणि गुंता सैल होई. त्यानंतर रुंद दातांची लाकडी फणी. कधीही मुळापासून नाही; आधी टोके, मग मध्य, मग मूळ, आणि प्रत्येक वेळी डाव्या हाताने केसांची बट मुळाशी धरलेली, म्हणजे ओढ कातडीला पोहोचू नये. कानांच्या मागे गुंता सर्वांत लवकर होतो, तिथे ते सर्वांत सावकाश जात. मग छातीची झालर, पोटाखालचे केस, मागच्या पायांच्या तुमानी, आणि शेवटी शेपटी, जिला ते निशाण म्हणत. पंज्यांच्या गाद्यांमधले केस छोट्या कातरीने कापायचे, नखे इंजिनखात्यातून आणलेल्या बारीक कानशीने घासायची. फणी केसांतून उतरताना सर्र सर्र असा आवाज होई, आणि हे मी पुन्हा पुन्हा ऐकले आहे म्हणून सांगते, त्या वेळात अब्बांच्या छातीतली शीळ थांबलेली असे.

मी उंबऱ्यावर अभ्यासाचे पुस्तक उघडून बसे. अम्मा आत असे, पण पीठ चाळून करवंटीत घालून ठेवणारी तीच. दुसऱ्या करवंटीत लाल माती असे, तीही तीच चाळे, खडा राहून अब्बांच्या हाताला लागू नये म्हणून. आटोपले की अब्बा, सारे कोरडे असूनही अम्माला शंका राहू नये म्हणून, विहिरीपाशी जाऊन हात धूत, मातीने आणि पाण्याने, आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेच्या, बांगेआधी स्वच्छ होऊन येत. कितीतरी वर्षे त्या दोन करवंट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. त्या एकाच हाताने भरल्या जात आहेत, हे मला तेव्हा उल्लेखनीय वाटले नव्हते.

हल्ली बाजारात एक दुकान निघाले आहे, काचेच्या दाराचे. तिथे कुत्र्यांना गरम हवेखाली उभे करून वाळवतात. भाजी घेऊन परतताना मी कधीकधी काचेपाशी थांबते. एकदा तिथे अगदी तसाच एक होता, लांब केसांचा, बुटका. आतल्या मुलीने मला खुणेने विचारले, काही हवे आहे का. मी मान हलवून पुढे निघाले. काय हवे आहे हे मला तिला खुणेने सांगता आले नसते.

पावसाळा ओसरत आला असताना अब्बा गेले. पहाटेची नमाज पढून जरा आडवे झाले, ते उठले नाहीत. घर माणसांनी भरले. त्यांना आंघोळ घालायला पुरुष आत गेले आणि अम्माला आतल्या खोलीत नेऊन बसवले. पेस्तनला कोणीतरी लाकडांच्या खोपीत कोंडले होते. तो भुंकला नाही. मला वाटते, जनाजा उतारावरून खाली गेला तो त्याने फटीतून पाहिला असावा. पण हे माझे वाटणे आहे.

मग अम्माची इद्दत सुरू झाली. त्या काळात विधवेने घराबाहेर पडायचे नसते, परक्या पुरुषासमोर यायचे नसते, आणि सुरमा, अत्तर, केसांना तेल, काही लावायचे नसते. तिची तेलाची बाटली फळीवर उभी होती, बुचावर धूळ धरून. माझेही केस ती विंचरेनाशी झाली. हलिमा खाला माझी वेणी घालू लागली, घट्ट, कपाळ ताणले जाईल अशी. घरात चूल पेटत नव्हती तेव्हा शेजारून डाळभात येई, आणि त्याच्या वासाने मला अजूनही रडू येते, इतका तो चांगला शिजवलेला असे.

पेस्तन रोज दुपारी त्या खोक्यापाशी जाऊन बसे. त्याला वर चढता येत नसे. तो फक्त त्याला टेकून बसे आणि दाराकडे पाही. मी एकदा फणी घेऊन गेले तर माझ्याकडे पाठ फिरवून परसात उतरला. रान वाळत होते, आणि त्या दिवसांत गवताला कुसळे येतात. इतर कुत्र्यांच्या पायांना ती लागतात. याचे तर पोटच गवतातून जाई. थोड्याच दिवसांत कानांमागे गाठी झाल्या, काखांत जटा, आणि पोटाखाली कुसळांचा नुसता काथ्या. त्याचे निशाण चिखलाने कडक झाले. चालताना तो एक पाय आखडून चालू लागला.

थोरले चाचा एके दिवशी ओट्यावर बसून दारामागच्या अम्माला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वहिनी, घरात इद्दत, आणि दारात हा. रहमतीचे फरिश्ते यायचे कसे? भावाची छातीसुद्धा ह्याच्याच केसांनी भरली, मी आधीपासून सांगत होतो. पालीला माझ्या वळखीचा शेतकरी हाय, तात्या. बाजाराला येतो. तो नेईल. खायला घालील, मारायचा नाय.”

आतून अम्मा म्हणाली, “न्या.”

मी त्या रात्री जेवले नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. तो गेला तर दुपारच्या त्या वेळेचे काय होईल, हे मला कळत नव्हते. अब्बांच्या दिवसातली तेवढी एकच वेळ आमच्याकडे उरली होती.

बाजाराच्या दिवशी तात्या आले. खांद्यावर घोंगडी, हातात दोरी, आणि चेहरा असा हसरा की त्यांचा राग करणेही मला जमेना. पेस्तनला पाहून ते उकिडवे बसले. “ह्यो काय राखण करणार? पण नातवंडांना खेळायला हुईल.” त्यांनी गळ्यात दोरी बांधायला घेतली आणि कानामागची गाठ ओढली गेली. पेस्तन किंचाळला. आमच्या घरात इतक्या वर्षांत तो कधी किंचाळला नव्हता. तात्यांनी हात काढून घेतला. “अरेरे. ह्याला आधी भादरायला पायजे. शेरडांची कातर हाय माझ्याकडं, पार कातडीपर्यंत काढतो. मोकळा हुईल बिचारा.”

दाराची कडी वाजली. अम्मा दारामागून मला बोलावत होती. ओढणीच्या आड तिचा चेहरा मला दिसला नाही. “सांग त्यांना,” ती म्हणाली, “पुढल्या बाजाराला या.”

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज पढून ती पडवीत आली. तिने खुंटीवरून अब्बांची लुंगी घेऊन मांडीवर पसरली, खोक्याशेजारी पाटावर बसली, आणि फळीवरची तेलाची बाटली जवळ ठेवली. तिचे स्वतःचे केस कोरडे, भुरे, ओढणीबाहेर आलेले होते. मला वाटले ती चुकली.

“अम्मा, पीठ आणू?”

“नको.”

“कोरडं विंचरलं तर धुवायला नाय लागत. अब्बा—”

“ठाऊक हाय मला.”

तिने तळहातावर तेल ओतले. नारळाच्या तेलाचा तो वास इतक्या दिवसांनी पडवीत पसरला आणि पेस्तन, जो माझ्यापासून पळाला होता, आपण होऊन तिच्यापाशी गेला. त्याला खोक्यावर न चढवता तिने पुढ्यात घेतले, जसे मला घ्यायची. कानामागच्या गाठीत तेल जिरवले, बोटांनी सैल केली, एकेक कुसळ काढून करवंटीत टाकले. फणी टोकापासून धरली. बट मुळाशी धरली. इतकी वर्षे ती दाराआड होती आणि तिने एकदाही पाहिले नाही असा माझा समज होता. पण तिला सगळे क्रमाने येत होते, शेपटी शेवटी, हेसुद्धा. “मान सरळ ठेव,” ती त्याला म्हणाली, अगदी माझी वेणी घालताना म्हणायची त्या स्वरात. आणि थोड्या वेळाने, हळू, “त्यांचा हात हलका होता. माझा जड हाय. सोस थोडं.”

हलिमा खाला कुंपणाशी आली आणि थबकली. “अगो, काय करतंस काय? तेलाचा हात! आता सात वेळा धू.”

“धुवीन.”

“आणि रोज करणार काय?”

“रोज धुवीन.”

तेल हा खरे तर चुकीचा उपाय होता. आमच्या घरात केसांच्या सगळ्या दुखण्यांवर तोच एक उपाय, म्हणून तिने तो केला असेल, असे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला समजावत आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या तेलकट अंगावर जांभ्याची लाल धूळ बसली, मुंग्या लागल्या. मग अम्माने पाणी कोमट करून ते सगळे पुसून काढले, आणि पुन्हा तेल, पुन्हा फणी. अब्बांनी ज्या ओलीपासून स्वतःला इतक्या काळजीने वाचवले, त्या ओलीत ती कोपरापर्यंत बुडाली होती. रोज असरच्या आधी ती विहिरीपाशी जाऊन करवंटीतली माती हातांवर घेई, आणि मोजत धूत बसे. तिच्या हातांना भेगा पडल्या. नमाज तिने एकही चुकवली नाही.

आठवडा सरता सरता पेस्तन पुन्हा तसा दिसू लागला. छातीची झालर मोकळी झाली, निशाण उभे राहिले, आणि उन्हात आला की तांबूस रंग वाऱ्यावर हलू लागे. माझी खात्री झाली होती की आता तो कुठेही जाणार नाही. इतके करून कोण देते?

बाजाराच्या दिवशी तात्या आले. “ह्योच काय तो?” ते म्हणाले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. “नवरदेव केलात की वो ह्याला.” चाचाही ओट्यावर येऊन बसले होते. मी दाराकडे पाहिले. आतून अम्माचा आवाज आला, फक्त चाचांना उद्देशून, नेहमीसारखा. “भादरू नका म्हणावं. न्या.”

मी उंबऱ्यावर होते. मला हलताही आले नाही. तात्यांनी वाकून पेस्तनच्या छातीखाली एक हात घातला आणि उचलायला सुरुवात केली. त्याचे मागचे धड लोंबले. तेव्हा दारामागून अम्मा बोलली. परक्या पुरुषाला, इद्दतीत, सरळ.

“दोन्ही हातांनी. पाठ सांभाळा.”

चाचांनी मान खाली घातली. तात्यांनी दुसरा हात मागच्या पायांखाली घेतला, आणि पेस्तन तसा, नीट आडवा, त्यांच्या छातीशी, उतारावरून वर गेला. त्याने दाराकडे पाहिले की नाही हे मला सांगता येत नाही, कारण शेपटीच्या केसांपलीकडे मला काही दिसत नव्हते. त्या सायंकाळी अम्माने मला हाक मारली आणि माझी वेणी घातली. तिच्या बोटांना मातीचा वास होता.

तो पालीला फार काळ जगला नाही. उन्हाळा त्याला सोसला नाही, असे चाचांनी सांगितले. तात्यांनी शब्द पाळला होता. कातर लावली नव्हती. मेला तेव्हा त्याच्या अंगावर केस तसेच होते, फक्त कोणी विंचरलेले नव्हते.

अम्मा पुष्कळ जगली. शेवटच्या आजारपणात तिचे विरळ केस मी विंचरत असे, आणि एकदा धीर करून मी विचारले, “अम्मा, मग दिलास का त्याला?” ती खिडकीकडे पाहत राहिली. “आणखी एकदा विंचरला असता तर देता आला नसता,” ती म्हणाली. तेलाबद्दल विचारायला मी तोंड उघडले, पण तिने मान सरळ केली, मी वेणी पुरी करावी म्हणून, आणि ते राहिले. ती गेल्यावर घर आवरताना मला पडवीच्या कोनाड्यात ती फणी सापडली, आणि मातीची करवंटीही. आत चाळलेली लाल माती होती. तिच्यात एकही खडा नव्हता.

मी पदार्थांचे गुणधर्म शिकवण्यात आयुष्य घालवले. कोरडे काय करते आणि ओले काय करते, हे मला समजावता येते. पण हे एवढे मला सुटलेले नाही, आणि म्हणूनच हे धाडस केले. कोरड्या फणीने काही बाधत नाही, हात धुवावे लागत नाहीत, हे तिला ठाऊक होते, तिने तसे मला सांगितलेही होते. मग त्या दुपारी तिने हातावर तेल का घेतले असेल?